सक्तीच्या लष्करी सेवेला सात महिने उरले आहेत. शरीराची तयारी कुठून सुरू करावी?

प्रश्न: पहिलेपाऊल

नमस्कार. मला सात महिन्यांनी सक्तीच्या लष्करी सेवेत रुजू व्हायचे आहे. वय १८, उंची १७८ सेंटिमीटर, वजन ८४ किलो. गेली तीन वर्षे अभ्यासापायी दिवसाचे दहा-अकरा तास खुर्चीतच गेले आणि शाळेतले खेळही सुटले. आपण आज नेमके कुठे आहोत हे कळावे म्हणून गेल्या रविवारी दोन किलोमीटर धावून पाहिले. तीनदा थांबावे लागले आणि १७ मिनिटे लागली. पुश-अप सहा झाले, सातव्याला कंबर खाली गेली. पुल-अपसाठी दांडीला लटकलो, पण कोपरसुद्धा नीट वाकले नाहीत.

खरी अडचण मात्र दुसरीच आहे. मागच्या वर्षी मी उत्साहाच्या भरात रोज धावायला सुरुवात केली होती आणि बाराव्या दिवशी दोन्ही नडग्यांच्या आतल्या बाजूला इतके दुखू लागले की जिना उतरताना कठडा धरावा लागत होता. ते दुखणे तीन आठवड्यांनी गेले, पण धावणे सुटले ते सुटलेच. या वेळीही तसेच झाले तर हातातला वेळ वाया जाईल, ही भीती मनातून जात नाही. मित्र सांगतात की आत्तापासूनच पाठीवर वजन घेऊन रोज धाव, म्हणजे तिथे गेल्यावर काही वाटणार नाही. वडिलांचे म्हणणे असे की घडवण्याचे काम तिथले लोक करतीलच, आधीपासून जिवाचा आटापिटा कशाला. मला दोन्ही गोष्टी पूर्णपणे पटत नाहीत. ज्यांनी अशी सेवा केली आहे किंवा ज्यांचा या विषयाशी संबंध आहे, त्यांनी कृपया सांगावे: सुरुवात कशापासून करावी, नडग्यांचे काय करावे आणि सात महिने पुरतील का?

उत्तर: संथचाल

वयाने तू माझ्या मुलासारखा आहेस, म्हणून एकेरीत लिहितो. सात महिने पुरतात, अगदी पुरून उरतात. मात्र त्यातला पहिला काळ संथपणे घालवण्याची तयारी हवी.

मी स्वतः अशी सेवा केली आहे, आणि तुझा प्रश्न वाचताना मला माझा चौथा आठवडा आठवला. रुजू होण्याआधीचे पाच महिने मी काहीच केले नव्हते आणि शेवटच्या तीन आठवड्यांत घाबरून रोज सहा-सात किलोमीटर धावलो होतो. दम बऱ्यापैकी वाढला, त्यामुळे तयारी झाली असे वाटले. चौथ्या आठवड्यात एका पहाटे उजव्या पायात मोजा चढवण्यासाठी मी डाव्या पायावर उभा राहिलो आणि डाव्या नडगीतून अशी कळ गेली की तसाच खाटेवर बसलो. तरी दोन दिवस कोणाला सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी अंगठा नडगीवरून दाबत दाबत खाली आणला आणि नाण्याएवढ्या एका जागी तो टेकताच मी पाय ओढून घेतला. हाडाला बारीक तडा गेला होता. आठ आठवडे धावणे बंद झाले, माझी तुकडी पुढे गेली आणि मला मागून आलेल्या तुकडीत घालण्यात आले. मागे पडलो तो दम कमी होता म्हणून नव्हे. छाती तीन आठवड्यांत तयार झाली होती, पण पाय झाले नव्हते.

म्हणून माझा आग्रह असा की पहिले चार आठवडे धावूच नकोस, चाल. आठवड्यातून पाच दिवस, ४० ते ६० मिनिटे, हात हलवत, भरभर. मैदानावर, मातीच्या वाटेवर, चढउतारावर, जिथे मिळेल तिथे. पाचव्या आठवड्यापासून एक मिनिट धावणे आणि चार मिनिटे चालणे असे सहा वेळा कर, तेही आठवड्यातून तीनच दिवस आणि लागोपाठच्या दिवशी कधीच नाही. पुढे दर आठवड्याला धावण्याचे मिनिट थोडे वाढव आणि चालण्याचे कमी कर. चौदा-सोळा आठवड्यांच्या सुमारास तू न थांबता अर्धा तास धावू लागशील. वेग किती असावा, याचे माप एकच: धावता धावता पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर तू जोरात धावतो आहेस. नवख्याला हा वेग लाजिरवाणा वाटतो, शेजारून चालणारे पुढे निघून जातात, पण पाया याच वेगाने बांधला जातो.

अर्धा तास सहज जमू लागला की मग आठवड्यातला एकच दिवस वेगासाठी ठेव. ४०० मीटर जोरात, मग श्वास शांत होईपर्यंत चालणे, असे चार ते सहा वेळा पुरे. तुझ्या चाचणीचे स्वरूप काय आहे ते आधी नीट माहीत करून घे. सिंगापूरमध्ये एका मिनिटात पुश-अप, एका मिनिटात सिट-अप आणि २.४ किलोमीटरची धाव असते. फिनलंडमध्ये १२ मिनिटांत किती अंतर कापले हे मोजतात. ती पद्धत अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये मांडली. चाचणी कोणतीही असो, तिच्यातल्या क्रमानेच सराव करावा, कारण दंड थकल्यानंतरची धाव आणि ताज्या अंगाची धाव यांत बराच फरक असतो.

तुझ्या वडिलांचे म्हणणे अर्धे खरे आहे. तिथे घडवतात, पण सगळ्यांना एकाच वेगाने घडवतात. तीच कवायत, तेच अंतर, तेच ओझे. ज्याची क्षमता जास्त असते त्याला ते सोपे जाते आणि सायंकाळपर्यंत त्याचा शीण निघून जातो, तर ज्याची क्षमता काठावर असते तो रोज शेवटच्या टोकाला जाऊन येतो आणि त्याला शीण घालवण्याची सवड कधीच मिळत नाही. आधीची तयारी करायची ती याच्यासाठी.

उत्तर: फिजिओताई

मी फिजिओथेरपिस्ट आहे. संथचाल यांनी जे अनुभवाने सांगितले आहे त्यामागचे कारण थोडक्यात सांगते, कारण ते कळले की संथ राहण्याचा धीर टिकतो.

हाडावर नवा भार पडू लागला की शरीर ते हाड आहे त्यावरच थर चढवून मजबूत करत नाही. आधी जुन्या हाडाचा सूक्ष्म भाग पोखरून काढला जातो आणि मग त्या जागी नवे हाड भरले जाते. पोखरण्याचे काम दोन-तीन आठवड्यांत होते. भरून पक्के व्हायला मात्र तीन महिने किंवा त्याहून जास्त काळ लागतो. म्हणजे भार अचानक वाढवल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हाड पूर्वीपेक्षा किंचित कमकुवत असते, आणि नेमक्या त्याच काळात नव्या जवानाचा दम वाढलेला असल्यामुळे तो आणखी जोर लावतो. प्रशियाच्या सैन्यातील डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ मध्येच लांब कूच केलेल्या सैनिकांचे सुजलेले, दुखणारे पाय नोंदवून ठेवले होते. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागल्यावरच ते मुळात हाडाचे तडे असल्याचे उघड झाले.

आता तुमच्या नडग्यांविषयी. तुम्ही वर्णन केलेले दुखणे, म्हणजे दोन्ही पायांना, आतल्या कडेने लांबवर पसरलेले, हे बहुतेक वेळा हाडाच्या कडेवर पडलेल्या ताणाचे असते आणि ते भार कमी केल्यावर बरे होते. तडा गेल्यास दुखणे एका बोटाने दाखवता येईल इतक्या लहान जागेत असते, एका पायावर उडी मारली की कळ येते, आणि पुढे पुढे ते विश्रांतीत व रात्रीही दुखते. असे झाले तर धावणे त्याच क्षणी थांबवून डॉक्टरांकडे जावे. पहिल्या काही आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये तडा बहुतेकदा दिसत नाही, हे पुष्कळांना माहीत नसते. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून पुन्हा धावायला गेलेले आणि दुखणे वाढवून परतलेले रुग्ण मी पाहिले आहेत. शंका कायम असेल तर एमआरआय करावा लागतो. धावताना जांघेत खोलवर दुखू लागले तर एक दिवसही थांबू नये, कारण मांडीच्या हाडाच्या मानेला (खुब्याजवळच्या निमुळत्या भागाला) गेलेला तडा सरकला तर थेट शस्त्रक्रियेवर जाते.

आजपासून करण्यासारखा एक व्यायाम सांगते. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून उभे राहा, टाचा दोन अंक मोजत वर न्या आणि तीन अंक मोजत खाली आणा. आधी दोन्ही पायांवर, नंतर एका पायावर. एकदा गुडघा ताठ ठेवून, एकदा किंचित वाकवून, कारण वाकवल्यावर पोटरीचा आतला स्नायू काम करतो आणि धावताना नडगीचा भार पेलण्यात त्याचा वाटा मोठा असतो. एका पायावर सलग २५ वेळा जमेपर्यंत एक दिवसाआड करत राहा. पहिल्या आठवड्यात आठ-दहालाच पोटरी थरथरली तर नाउमेद होऊ नका. बहुतेकांचे तसेच होते.

पुन्हा प्रश्न: पहिलेपाऊल

काका आणि ताई, मनापासून आभार. नडगी दाबून पाहिली, आत्ता कुठेच दुखत नाही. आज सकाळी ४५ मिनिटे चाललो. पाठीवर वजन घेण्याचा प्रश्न मात्र राहिला आहे. शिवाय पुश-अप आणि पुल-अप शून्यातून कसे वाढवायचे तेही कोणी सांगावे, कारण रोज थकेपर्यंत पुश-अप मारूनही आकडा सहावरून हलत नाही.

उत्तर: दोरखंड

रोज थकेपर्यंत करता, आकडा न हलण्याचे कारण बहुधा तेच आहे. सहा ही तुमची कमाल मर्यादा आहे, तर एका वेळी तीनच करावेत, पण दोन-दोन मिनिटांच्या विश्रांतीने असे पाच-सहा वेळा, आणि हे आठवड्यातून तीन दिवस. प्रत्येक पुश-अपमध्ये डोक्यापासून टाचेपर्यंत अंग एका रेषेत राहिले पाहिजे. कंबर खचली की तो मोजायचा नाही, कारण परीक्षकही तो मोजत नाही. शेवटच्या एक-दोन फेऱ्या भक्कम टेबलाच्या कडेवर हात ठेवून करा, म्हणजे भार कमी होतो आणि संख्या वाढवता येते. दोन आठवड्यांनी पुन्हा कमाल मोजून तिच्या निम्म्याने पुढची आखणी करावी.

पुल-अपसाठी स्टुलावर चढून हनुवटी दांडीच्या वर आणा आणि तिथून पाच अंक मोजत, घाई न करता, हात पूर्ण सरळ होईपर्यंत खाली या. स्नायू वर खेचताना जेवढे वजन पेलतो त्यापेक्षा जास्त वजन खाली सोडताना पेलू शकतो, त्यामुळे एकही पुल-अप न जमणाऱ्यालाही ही वाट मोकळी असते. एका वेळी तीन, असे चार वेळा. पहिले दोन दिवस दंड चांगलेच दुखतील, म्हणून सुरुवातीला आठवड्यातून दोनदाच. पायांसाठी उठाबशा, एका पायाने पायरी चढणे आणि पुढे पाऊल टाकून गुडघा वाकवणे एवढे पुरते, पोट-कंबरेसाठी प्लँक, म्हणजे कोपर आणि चवड्यांवर अंग सरळ तोलून धरणे.

वजनाबाबत मित्रांचा सल्ला मानू नका. पाठीवर ओझे घेऊन धावण्याची सवय सात महिन्यांत नवख्याने लावूच नये, असे माझे ठाम मत आहे. ओझे घेऊन चालावे, तेही चौथ्या महिन्यानंतर. पाच-सहा किलोने सुरुवात करून सपाटीवर तीन किलोमीटर, आठ-दहा दिवसांतून एकदाच. पुढच्या वेळी एकतर वजन वाढवावे किंवा अंतर, दोन्ही एकत्र कधीच नाही. सातव्या महिन्यापर्यंत १५ किलो घेऊन सात-आठ किलोमीटर शांतपणे चालता आले तर तुमची तयारी उत्तम झाली असे समजा. सॅकमध्ये जड वस्तू वरच्या भागात आणि पाठीला चिकटून असाव्यात; तळाशी लोंबकळणारे वजन माणसाला पुढे वाकवते आणि मग कंबर धरते. खांद्यांचे पट्टे सैल असतील तर सॅक मागे लोंबते, त्यामुळे पहिल्या अर्ध्या किलोमीटरनंतर थांबून ते एकदा ओढून घ्यावेत.

उत्तर: रात्रपाळी

मी डॉक्टर आहे. चार गोष्टी राहून गेल्या आहेत असे वाटते, त्या लिहितो.

पहिली गोष्ट तपासणीची. धावताना कधी चक्कर येऊन पडला असाल, छातीत दुखले असेल, किंवा कुटुंबात कोणी तरुण वयात अचानक हृदयाने गेले असेल, तर व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटा. दमा किंवा जुनी दुखापत असेल तर ती वैद्यकीय तपासणीत लपवू नका. लपवलेला दमा तिथे पहिल्याच थंड सकाळी उघडा पडतो.

दुसरी वजनाची. तुमच्या उंचीला ८४ किलो थोडे जास्त आहे, घाबरण्यासारखे नाही. आठवड्याला अर्धा किलो कमी झाले तरी चार महिन्यांत आठ-साडेआठ किलो उतरते. त्याहून घाई करून उपाशी राहू नका, कारण अन्न तोडून व्यायाम वाढवला की शरीर हाडांच्या दुरुस्तीवरचा खर्च कापते आणि फिजिओताईंनी सांगितलेली भरणी अपुरी राहते. जीवनसत्त्व ड आणि लोह कमी आहे का, ते एका रक्ततपासणीत कळते. धूम्रपान करत असाल तर आजच सोडा. हाड भरून येण्यालाही त्याने उशीर होतो.

तिसरी झोप. इस्रायलच्या लष्कराने नव्या जवानांना किमान सहा तास झोप देण्याचे आणि चालण्याचे एकूण अंतर कमी करण्याचे ठरवले, आणि त्यानंतर हाडांना तडे जाण्याचे प्रमाण घटले. तिथे किती झोप मिळेल हे तुमच्या हातात नाही, पण जाण्यापूर्वीचे सात महिने तुमच्या हातात आहेत. शेवटच्या महिन्यात निजण्याची आणि उठण्याची वेळ दर तीन-चार दिवसांनी पाव तासाने अलीकडे आणा. पहाटे उठण्याचा पहिल्या आठवड्यातला त्रास बराच कमी होतो.

चौथी गोष्ट उष्णतेची, आणि याविषयी मला विशेष कळकळीने लिहावेसे वाटते. उन्हात काम करण्याची सवय शरीराला १० ते १४ दिवसांत लागते: घाम लवकर सुटतो, त्यातून मीठ कमी जाते, नाडी मंद राहते. उष्ण ठिकाणी किंवा उन्हाळ्यात रुजू होणार असाल तर शेवटच्या दोन आठवड्यांत दिवसाच्या उबदार वेळी तासभर हलका व्यायाम करा. ताप असताना, जुलाब झाले असताना किंवा रात्रभर जागरण झाले असताना मात्र उन्हात जोर लावू नका आणि तिथे गेल्यावर ही गोष्ट वरिष्ठांना सांगण्यात कमीपणा मानू नका. सोबतचा माणूस धावता धावता झोकांड्या खाऊ लागला, असंबद्ध बोलू लागला, विचारल्यावर भलतेच उत्तर देऊ लागला, तर तो साधा थकवा समजू नका. त्याच्या शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर गेलेले असू शकते. मदत बोलवायची आणि ती येईपर्यंत वाट न पाहता त्याला गार पाण्यात बसवायचे किंवा अंगावर गार पाणी ओतत राहायचे. इथे मिनिटांवर जीव अवलंबून असतो. याच्या उलट, भीतीपोटी तासाला दोन-दोन लिटर पाणी ढोसणेही धोक्याचे आहे, कारण त्याने रक्तातले सोडियम उतरते.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. सवय नसताना एका दिवसात शेकडो उठाबशा काढल्या आणि नंतर मांड्या दगडासारख्या कडक होऊन लघवी काळ्या चहासारखी झाली, तर स्नायू विरघळून मूत्रपिंडावर ताण येत आहे असे समजावे आणि तडक रुग्णालयात जावे.

पुन्हा प्रश्न: पहिलेपाऊल

सहा महिने झाले, म्हणून कळवतो. वजन ७७.५ किलो आहे. न थांबता ४० मिनिटे धावतो, पुश-अप ३१ होतात, पुल-अप चार. तिसऱ्या महिन्यात डावी नडगी पुन्हा कुरकुरली होती. ताईंच्या सांगण्याप्रमाणे दाबून पाहिले, दुखणे पसरलेले होते, म्हणून दोन आठवडे फक्त चाललो आणि टाचा उचलण्याचा व्यायाम चालू ठेवला. ते गेले. परवा १२ किलो घेऊन सहा किलोमीटर चाललो. आता शेवटचे चार आठवडे उरले आहेत. काका, या काळात आणखी जोर लावावा की नाही? चाचणीची पूर्ण तालीम शेवटच्या आठवड्यात करावी का?

उत्तर: संथचाल

दोन आठवडे चालण्यावर आलास, हे वाचून मला तुझ्या ३१ पुश-अपपेक्षा जास्त आनंद झाला.

पूर्ण तालीम आता, याच आठवड्यात कर, आणि त्यानंतर करू नकोस. हा आणि पुढचा आठवडा बाकी सगळे नेहमीप्रमाणे. शेवटच्या दोन आठवड्यांत एकूण धावणे निम्म्यावर आण, वेग तोच ठेव. ओझे घेऊन शेवटचे चालणे रुजू होण्याच्या दहा दिवस आधी. या काळात अंगात जास्तीची ताकद जाणवेल आणि आणखी एकदा जोर लावून बघावासा वाटेल. मी नेमके तेव्हाच चुकलो होतो.

दात दुखत असेल तर आत्ताच दाखवून घे, नंतर सवड मिळायला वेळ लागतो. पायाची नखे सरळ कापावीत, कोपरे खोल कोरू नयेत. बूट आधी मिळणार असतील तर घरात रोज तासभर घालून फिर. तिथेच मिळणार असतील तर ते दिवसअखेर निवड, कारण सायंकाळी पाय किंचित फुगलेला असतो आणि सकाळी बरोबर बसलेला बूट कूच करताना चावतो. आत पातळ, घाम शोषून न ठेवणारा मोजा आणि त्यावर जाड मोजा घातला की घर्षण दोन मोज्यांमध्ये होते, कातडीवर होत नाही. टाचेवर कुठे गरम लागले की फोड येण्याची वाट न पाहता पुढच्या थांब्यावरच चिकटपट्टी लाव, आणि फोड आलाच तर वरची कातडी काढू नकोस.